दहा मिनिटांचे ऊन

मी एक जुना काळा चष्मा आहे. माझी एक दांडी दोनदा बदलली आहे. माझ्यासोबतचे चष्मे झकपक दुकानांत गेले आणि मी मात्र इस्पितळात, सिस्टरांच्या कपाटात. तेव्हा फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, तिथे फुप्फुसाचा कर्करोग प्रकाशाने शोधतात. श्वासनलिकेत बारीक नळी घालून निळा प्रकाश टाकला, की निरोगी भाग हिरवा दिसतो आणि रोगाचा डाग काळपट लाल. एका पोस्टमनकाकांना असाच मसुराएवढा डाग सापडला. एक्स-रेमध्ये तो दिसलाच नव्हता. डॉक्टरांनी औषध टोचले आणि दोन दिवसांनी नळीतून लाल प्रकाश सोडून त्या डागावर इलाज केला. पण ते औषध महिनाभर कातडीत राहते आणि उन्हाने अंग भाजते, डोळ्यांनाही त्रास होतो. म्हणून मला काकांच्या नाकावर बसवून घरी धाडले.

घरी काकूंनी कहरच केला. सगळे दिवे बंद, पडद्यांवर चादरी! काका स्टुलाला अडखळले.

"अहो, जपून!"

"अगं, दिसलं तर जपेन ना!"

सिस्टरांना फोनवर हे कळले तेव्हा त्या हसल्या. "काकू, उन्हाला घाबरा, घरातल्या दिव्याला नको. साध्या उजेडानंच ते औषध हळूहळू उतरतं."

तीस वर्षे उन्हात पत्रे वाटत आलेला माणूस, आता खिडकीशी यायचीही चोरी. बदलीच्या पोस्टमनची पावले ऐकून ते कुरकुरायचे, "किती रेंगाळतो हा!" एकदा मात्र मला काढून त्यांनी डोळे पुसले. "डाग गेला नसेल तर?" काकूंनी मला उचलून पुन्हा त्यांच्या नाकावर बसवले. मीही घाबरलो होतो.

महिन्याने कातडीची परीक्षा झाली. कागदी पिशवीला दोन बोटे रुंद भोक पाडून काकांनी त्यात हात घातला आणि दहा मिनिटे उन्हात धरला. काकू घड्याळ घेऊन उभ्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी हात उलटसुलट पाहिला. लाली नाही, सूज नाही!

मग फेरतपासणी. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सगळं हिरवंगार आहे." काकू रडल्याच. काकांनी मला मऊ फडक्याने पुसून सिस्टरांना परत दिले.

मित्रांनो, काही जण मला शर्टाच्या टोकाने पुसतात, काही जण घरीच विसरतात. तसे करू नका. बाहेरच्या बाकावर नेहमी कुणीतरी माझी वाट पाहत असते.

कपाटात जाण्याआधी मी खिडकीतून पाहिले. भर उन्हात काकूंनी छत्री उघडली होती. काकांनी ती हळूच मिटली.

"राहू दे गं. लागू दे जरा ऊन."