डाव्या चाकाची हवा

माझ्या झेन गाडीच्या डाव्या चाकातली हवा कोणीतरी सोडत होतं. पंक्चर नव्हे, हवा. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून दाखवली आणि म्हणाला, "ताई, ट्यूब ठणठणीत आहे. कोणीतरी मुद्दाम करतंय."

आणि हे व्हायचं ते नेमकं माझ्या कामाच्या दिवशी. मी जळगावहून रावेरला जाते, केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये. परदेशी जाणाऱ्या पेट्या मी तपासून पास केल्याशिवाय कंटेनरचं दार लागत नाही. चाक बसलेलं दिसलं की श्रेयांस, म्हणजे माझा नवरा, लगेच स्कूटर काढायचा. "चल, स्टँडवर सोडतो. किती जिवाला त्रास करून घेशील?" चारचौघांत मी त्याला तुम्ही म्हणते, ती सासरची रीत आहे. इथे सांगताना नाही म्हणणार. बस रेंगाळत रेंगाळत जायची आणि मी पोहोचेपर्यंत पॅकिंग हाऊसचे मालक हिलालनाना गेटवर उभे असायचे.

"काय होऊन राह्यलं बापा तुझ्या गाडीले?" परवा ते म्हणाले. "माल थांबत नाही पोरी. आता एकदा जरी उशीर झाला, तर मी दुसरं माणूस पाहीन."

ही नोकरी मला कोणी ताटात वाढून दिली नव्हती. सासूबाईंशी, म्हणजे मोहनबाईंशी, महिनाभर तोंड वाजवून मिळवली होती. ती चाकाच्या हवेवर जाऊ द्यायची? मी प्रियल, मांगीलालची पोरगी आहे. धुळ्याला देवपुरात पप्पांचं कार डेकोरचं दुकान. बाकीच्या पोरी मेंदीचा कोन धरायच्या तेव्हा मी सोल्डरिंगची सळई धरायचे. झेन त्यांचीच, तिच्यातला अलार्मही त्यांनीच बसवलेला. पण तो जुन्या पद्धतीचा. गाडीला धक्का बसला तर ओरडणार. हवा सोडायला धक्का कुठे लागतो? हवा सोडणाऱ्याला हे बरोबर माहीत होतं.

मी पप्पांना फोन केला. त्यांनी एसटीच्या पार्सलने एक सेन्सर पाठवला. काडेपेटीएवढी डबी. धक्का लागायची वाट बघत नाही; माणूस गाडीजवळ आला की तिला कळतं.

रविवारी दुपारी सगळे झोपले असताना मी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. डबीची लाल वायर बॅटरीकडून येणाऱ्या लायनीला, काळी बॉडीला. निळी अलार्मच्या त्या वायरीला, जी गाडी लॉक झाल्यावरच जिवंत होते, नाहीतर चालत्या गाडीतही भोंगा वाजेल. राहिली हिरवी, माणूस आल्याची खबर अलार्मला देणारी. जुन्या अलार्मला दुसऱ्या सेन्सरसाठी जागाच नव्हती. म्हणून धक्क्याच्या सेन्सरची वायर सोलून हिरवी तिलाच जोडली, मध्ये दोघांनाही एकेक डायोड टाकून, म्हणजे एकाचा करंट दुसऱ्यात घुसणार नाही. डबी दोन सीटच्या मध्ये बसवली. घामाने मी निथळत होते, पण खूश होते.

ती खुशी तासभरही टिकली नाही. भोंगा वाजला. गेले, कोणी नाही. परत वाजला. कोणी नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीने कानांत बोटं घातली. समोरचे मोतीलालकाका गॅलरीतून ओरडले, "अहो, ती गाडी आहे की तान्हं पोर?" सासूबाई सुनेला बींदणीच म्हणतात. "बींदणी," त्या म्हणाल्या, "हे बायकांचं काम नव्हे." श्रेयांस हसून म्हणाला, "काढून टाक. आता तो भोंगा वाजला तरी कोणी ढुंकून बघणार नाही."

मला रडू येत होतं, रागाने. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि गाडीवरची नजर हलवली नाही. वाऱ्याची झुळूक आली. गाडीत काहीतरी हललं. भोंगा वाजला.

लिंबू-मिरची! दर शनिवारी सासूबाई ताजं लिंबू आणि मिरच्या आतल्या आरशाला बांधतात; बंपरला बांधलं तर रस्त्यात पडतं म्हणून. आणि आमच्या जळगावच्या उन्हात काच दोन बोटं खाली ठेवल्याशिवाय कोण गाडी लावतं? वारा आत शिरला की लिंबू झुलायचं आणि सेन्सरला वाटायचं, माणूस आला. सासूबाईंची लिंबू-मिरची चोराला नाही, पोलिसालाच नडत होती.

सेन्सरची ताकद कमी करता आली असती, पण मग चाकाशी आलेला माणूसही निसटला असता. मी खाली गेले. लिंबू-मिरची दोऱ्याने आरशाच्या दांडीला घट्ट आवळून टाकली, हलायला वावच ठेवला नाही. ही गोष्ट घरात कोणालाच सांगितली नाही. का, ते मलाही नीट कळलं नव्हतं. माझ्या कामाचे दिवस गल्लीला कसे माहीत, हा प्रश्न तेवढा मनात टोचत होता.

सोमवारी उजाडताना दूधवाला पुढच्या गल्लीत गेला आणि भोंगा वाजला. घरात कोणी कूस बदलली नाही. फक्त माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

मी अनवाणी खाली धावले. श्रेयांस डाव्या चाकाशी उकिडवा बसला होता. भोंगा श्वास घ्यायला थांबला की चाकातून फुस्स आवाज यायचा.

"तुम्ही?"

तो उठून दोन पावलं मागे सरला, तसा भोंगा थांबला. आधी वरच्या खिडक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत चल. आत बोलू."

"इथेच बोला."

"आई दिवसभर एकटी असते. तुला सरळ सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. मला वाटलं, कंटाळून तू आपोआप सोडशील."

किती दिवस या माणसाच्या मागे स्कूटरवर बसले मी! त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मनात त्याचे उपकार मानत. ते आठवलं आणि अंगाची लाही लाही झाली. भांडला असता तर मी भांडले असते, हरलेही असते कदाचित. पण हा माझी कीव करत होता आणि रात्र सरली की हवा काढत होता.

मी घरात गेले आणि पायाने दाबायचा पंप आणून त्याच्यासमोर ठेवला.

"भरा."

त्याने नळी लावली, पंपावर पाय दाबला. गाडी अजून लॉकच होती. भोंगा कोकलला. मोतीलालकाका गॅलरीत आले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पंपाकडे, मग मुलाकडे बघत राहिल्या.

"बंद कर ना ते," तो दातांवर दात ठेवून म्हणाला. "लोक बघतायत."

रिमोट माझ्या मुठीत होता.

"तुम्ही लांब झालात की आपोआप बंद होईल," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "पण आधी हवा भरा. मला रावेरला जायचंय."