तलवाड्यावर तळपलेला डाग

वाचकहो, सूर्याच्या अंगावरील एक डाग आपल्या जन्माची, उत्कर्षाची आणि विझण्याची हकीकत आज स्वमुखाने कथन करणार आहे. ती शांत चित्ताने ऐकावी.

मी एक जुना सूर्यडाग आहे. मित्रांनो, आमच्यात दोन महिने म्हणजे म्हातारपण. सूर्याच्या पोटातील चुंबकीय दोर पृष्ठभाग फोडून वर आले आणि माझा जन्म झाला. तुम्हांला मी काळा दिसतो; परंतु माझ्या माथ्यावर तापलेल्या वायूच्या कमानी असतात व त्यांतून क्ष-किरण बाहेर पडतात. दोर जितके पिळले जात, तितका माझा क्ष-प्रकाश वाढे. एके दिवशी असा भडका उडाला, की माझा क्ष-प्रकाश शेकडो पटींनी वाढला. शास्त्रज्ञांनी माझी वाहवा केली. मोबाईलवर बातमी झळकली.

त्याच सकाळी तलवाडा गावी भिवराबाई नावाची वृद्धा गोठ्यात पडली. तिला उठता येईना. तिचा मुलगा सुग्रीव शेजारच्या अंगदबरोबर ओट्यावर तीच बातमी पाहत होता. बीडला नेऊन फोटो काढ, अशी ती त्याला काकुळतीने विनवू लागली. त्या गावी एक्स-रेला फोटोच म्हणतात.

“बीडला कावून जायचं, आये?” सुग्रीव म्हणाला. “सूर्यातूनच एक्स-रे निघायलेत. अंगणात पड. हालू नको, न्हाईतर फोटो हालंल.”

“आन् मावशी, श्वास बी रोखून धरा,” अंगदने भर घातली.

दोघांनी तिला उचलून उन्हात निजविले. तिने खरोखरच श्वास रोखला. ओट्यावर हशा पिकला. मित्रांनो, माझे क्ष-किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. वरची हवा त्यांना गिळून टाकते. तिच्यापर्यंत पोहोचले ते केवळ ऊन. ओठ सुकून फुटले, तरी दुपारपर्यंत ती हलली नाही.

पुढे सूर्य फिरला आणि मी पलीकडच्या बाजूस गेलो. पंधरवड्याने पुन्हा समोर आलो तेव्हा माझे दोर विसकटले होते, क्ष-प्रकाश मंदावला होता. भिवराबाईचा पाय आखूड व वाकडा झाला होता. हातांवर अंग ओढीत ती ओट्यापाशी आली.

“सुग्रीवा, फोटो आला का रं?”

“आलाय. काईच न्हाई म्हणलेत. ऊठ आता.”

आणि मित्रांनो, ती उठू लागली.

मी आता विझत आहे. माझी विनंती एवढीच, की माझ्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, आणि पडलेल्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सूर्याला हाड दिसत नाही.

शब्दांकन करणारा आपला नम्र, बंकट उत्तरेश्वर, मुक्काम तलवाडा. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.