मास्तरांची घरची शाळा

मास्तर गाडी चालवायला शिकवत. शहरातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते त्यांच्या शेजारी बसून. त्यात एक न्हावी होता, दोन दंतवैद्य होते आणि एक बाई अशा होत्या, की त्यांना डावं-उजवं ठरवण्याआधी बोटातल्या अंगठीकडे बघावं लागे. मास्तरांनी कोणावरही कधी आवाज चढवला नाही. गाडी थेट खांबाच्या दिशेने निघाली, तरी ते एवढंच विचारत, "हं, हा खांब आपल्याला दिसलाय ना?" आणि आपल्या बाजूचा जादा ब्रेक हळूच दाबत.

जवळच्या शाळेने मुलं कमी झाली म्हणून वरचे वर्ग बंद केले. पुढची शाळा इतकी लांब होती, की मास्तरांच्या दोन्ही मुली वर्गात कमी आणि बसमध्येच जास्त बसल्या असत्या. तेव्हा मास्तरांनी जेवताना जाहीर केलं, की दोघी घरीच शिकतील आणि परीक्षा बाहेरून देतील. त्यांची बायको इस्पितळात नर्स होती. तिने विचारलं, शिकवणार कोण?

"मी," मास्तर म्हणाले. "नाहीतरी जन्मभर दुसरं काय करतोय?"

काही दुखणी आधी नीट उमटू द्यावी लागतात, मगच त्यांच्यावर औषध चालतं, हे नर्सबाईंना अनुभवाने ठाऊक होतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी भात वाढून घेतला.

पहिल्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी आले. थोरली सतरा वर्षांची, धाकटी सोळाची, दोघी रात्रीच्याच कपड्यांत. थोरलीने विचारलं, तुम्हाला हाक काय मारायची? तास चालू असताना सर म्हणायचं, असं ठरलं. दुपारपर्यंत हे नीट चाललं. मग धाकटी स्वयंपाकघरातून आली आणि अदबीने म्हणाली, "सर, बाबा भेटले तर सांगा, गॅस संपलाय."

खरी ठिणगी पडली ती बीजगणितात. क्ष म्हणजे जे आपल्याला माहीत नाही ते, असं मास्तरांनी समजावलं. धाकटीचं म्हणणं असं, की माहीत नाही तर ते कुठे हरवलं, आणि शोधायला आपणच का जायचं? मास्तरांनी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा आवाज चढवला. रस्त्यावर ज्याच्या तोंडातून वावगा शब्द निघत नसे, तो माणूस घरी वजाचं चिन्ह राहिलं तरी तडकायला लागला. शेजारच्या शिंप्याला भिंतीपलीकडून वर्गमुळं पाठ झाली. मुलींना मात्र ती येईनात. बाहेर शीतल चांदणं आणि घरात वैशाखवणवा, असं नर्सबाई म्हणत, पण मनातल्या मनात.

मग रसायनशास्त्राचा प्रयोग झाला. लाल कोबीच्या रसाने आम्ल ओळखता येतं, असं पुस्तकात होतं. कोबी शिजायला वेळ लागत होता म्हणून मास्तरांनी तो कुकरमध्ये घातला. बारीक चिरलेला कोबी शिट्टीच्या भोकात अडकला आणि कुकरने आपला मार्ग स्वतःच शोधला. नर्सबाई कामावरून आल्या तेव्हा स्वयंपाकघराचं छत जांभळं झालं होतं आणि खाली तिघंही मान वर करून उभे होते. कोणाला लागलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. कोणालाही लागलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "रविवारी पालकसभा घ्या."

रविवारी दुपारी त्या बाहेर जायचे कपडे घालून, पर्स खांद्याला लावून घराबाहेर गेल्या आणि त्यांनी बेल वाजवली. मास्तरांनी दार उघडलं.

"मी दोन मुलींची आई. शिक्षकांना भेटायचंय."

मास्तर हसले. पण बाई हसत नाहीत हे बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. मग त्यांनी तक्रारी सांगितल्या. मुली लक्ष देत नाहीत, उलट बोलतात, थोरलीला तर उघड्या डोळ्यांनी झोपायची कला साधलीय. आईने मुलींचं म्हणणं विचारलं. थोरली म्हणाली, सर ओरडतात, आणि उत्तर त्यांनाच येत नसलं की जरा लवकर ओरडतात. धाकटीने पुस्ती जोडली, की शाळेला दोष देऊन उपयोग नाही, घरी वडिलांचंही लक्ष हवं.

"वडिलांचं काय?" आईने शिक्षकांना विचारलं.

मास्तरांनी टेबलावरचा खोडरबर उचलून डबीत ठेवला. मग म्हणाले, "तो दमून येतो."

सभेनंतर पालक आणि शिक्षकांनी मिळून चहा घेतला. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी त्रिकोणमिती सुरू झाली आणि शिंप्याने पुन्हा खिडकी लावून घेतली.

अशात शिक्षण खात्याचं पत्र आलं, की अधिकारी येऊन मुलींचा अभ्यास तपासतील. मास्तरांनी घर झाडूनपुसून काढलं, मुलींना उत्तरं घोकायला लावली, आणि छताकडे बोट दाखवून बजावलं, की हा विषय काढायचा नाही.

अधिकारी बाई आल्या, उंबऱ्यात थबकल्या, मास्तरांकडे बघितलं आणि नकळत बोटातल्या अंगठीला हात लावला. मास्तरांनीही त्यांना ओळखलं. बाईंनी आधी छताबद्दलच विचारलं. धाकटीने आम्ल, अल्क, कोबी आणि कुकर यांची गोष्ट इतकी नीट सांगितली, की बाईंनी आणखी काही विचारण्याची तसदी घेतली नाही. फाइल मिटून त्या थोरलीला म्हणाल्या, "नशीबवान आहात. मी ह्यांच्या शेजारी बसून गाडी पोस्टाच्या पायऱ्यांवर चढवली होती. मला वाटलं, आता हे मला उतरवून देतील. तर हे म्हणाले, 'बाई, तिकिटं घ्यायची होती का?'"

दोघी मुली वडिलांकडे अशा बघायला लागल्या, जणू घरात कोणी परका माणूस बसलाय.

बाई गेल्यावर थोरलीने दार लावलं. "बाबा, त्या पायऱ्यांवर चढल्या तर तिकिटं. आणि काल माझं एक वजाचं चिन्ह राहिलं, तर तुम्ही म्हणालात डोक्यात भुसा भरलाय."

मास्तरांना तोंड लपवायला जागा नव्हती. ते म्हणाले, लोकांना शिकवताना भीती वाटत नाही. नापास झाले तर पुन्हा येतात. "तुम्ही नापास झालात, तर मी तुमचं वाटोळं केलं असं होईल. पुस्तक उघडलं की तीच भीती तोंडावाटे बाहेर पडते."

धाकटी व्यवहारी होती. ती म्हणाली, "मग आम्हाला गाडीत शिकवा."

आधी तो विनोद वाटला. पण दुसऱ्या दिवशी तिघं दारासमोर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले. थोरली स्टिअरिंगसमोर, धाकटी मागे, मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, पाय जादा ब्रेकवर. इंजिन बंद होतं. थोरलीने गणित चुकवलं. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो रस्त्यावरचा. "हं, हे वजाचं चिन्ह आपल्याला दिसलंय ना?" थोरलीला हसू फुटलं, पण चिन्ह दिसलं. शिंप्याने येऊन काचेवर टकटक केली, गाडी बंद पडलीय का विचारलं. धाकटीने काच खाली करून सांगितलं, नाही, भूमिती चालू आहे.

अठरा पूर्ण होऊन थोरलीला शिकाऊ परवाना मिळाला तशी शाळा फिरती झाली. ती गाडी चालवायची आणि धाकटी मागून धडे म्हणायची. नद्या, राजवटी, हाडांची नावं, सगळं गिअर बदलता बदलता झालं. घोळ एकदाच झाला. धाकटी संख्यारेषा म्हणत होती, "शून्यापासून उणे संख्या डावीकडे," आणि थोरलीने आज्ञाधारकपणे गाडी डावीकडे वळवली, ती सरळ इस्पितळाच्या रुग्णवाहिकेच्या फाटकात. आतून दोघं जण स्ट्रेचर घेऊन धावत आले. त्यांच्या मागे नर्सबाई होत्या.

गाडीत आपलंच कुटुंब बघून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. थोरलीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. मास्तरांनी काच खाली केली, स्ट्रेचरवाल्यांची माफी मागितली आणि मुलीला म्हणाले, "घाबरू नकोस. आता सावकाश मागे घ्यायची. शून्याकडे." नर्सबाईंनी नवऱ्याचा चेहरा नीट न्याहाळला. मग हाताने मागची वाट मोकळी करून दिली आणि आत गेल्या.

घरची शाळा सुरू झाल्यावर दोन वर्षांनी थोरली शेवटच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली. गाडीच्या परीक्षेत मात्र पहिल्या खेपेला आपटली. मागून कोणी धडा म्हणत नसलं की तिला चैन पडेना, म्हणून ती स्वतःच पुटपुटत होती, आणि परीक्षकाला वाटलं ही मुलगी त्याला शिव्या देतेय. दुसऱ्या खेपेला तोंडात लिमलेटची गोळी धरून ती पास झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी वसतिगृहात गेली.

धाकटीचं एक वर्ष उरलं होतं. तिने सांगितलं, ते तिला त्या लांबच्या शाळेत काढायचंय. मास्तरांनी फार सहजपणे विचारायचा प्रयत्न केला, इथे काय कमी आहे?

"काही नाही," ती म्हणाली. "पण मला मागच्या बाकावर बसायचंय. इथे मी मागेच असते, पण पुढे बघायला तुम्ही दोघंच. आता तर ताईही नाही."

हे बिनतोड होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी तिने वडिलांना बजावलं, की थांब्यावर यायचं नाही. ते आले नाहीत. समोरच्या फुटपाथवर उभे राहून पेपर वाचत होते. बस आली, धाकटी चढली, आणि दोन मुलींच्या मधे तिला जागा मिळालेली त्यांनी पेपराच्या वरून पाहिली. पेपर उलटा आहे हे त्यांना एका अनोळखी गृहस्थाने सांगितलं.

घरी रात्रपाळी संपवून आलेल्या नर्सबाई चहा करत होत्या. पहिला दिवस कसा सुरू झाला, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, पोरगी बसमध्ये बसली, जागा मिळाली.

"तिचा नाही, तुमचा."

मास्तरांनी टेबलाकडे बघितलं. त्यावर फक्त दोन कप होते. "शांत," ते म्हणाले. "फारच शांत आहे."

"मग आता सकाळचा हा वेळ मोकळाच ना?" बाईंनी कपाची कड पुसली. "इतकी वर्षं म्हणायचं राहूनच जात होतं. मला गाडी शिकवा."

मास्तरांच्या घशात चहा अडकला. खोकला आवरून ते म्हणाले, उद्यापासून बघू. पण तोपर्यंत बाई उठून चप्पल शोधायला लागल्या होत्या.