संदर्भ: गाईड, पान एकाहत्तर

भागवत नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथालयाचा कारकून. पुस्तकांवरची धूळ झटकून कंटाळला आणि इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात शिरला. तिथं म्हणे कुणीही लिहू शकतं. कुणीही! हे वाचून माणूस भुलतोच हो. नियमांची पानं नंतर उघडतात.

पहिल्याच दमात त्यानं आपल्या गावाचं, बोरखेडवाडीचं पान केलं. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव भुईसपाट झालं तेव्हा भागवत चार वर्षांचा, माळवदाच्या छताखाली गाडलेला. वडलांनी, किशनरावांनी, ट्रकचा जॅक लावून लाकडं उचलली आणि त्याच्यासकट नऊ जणांना जिवंत काढलं, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. तेच त्यानं छाती फुगवून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओळीच्या शेपटाला चिठ्ठी: ‘संदर्भ हवा.’ लावणारे कुणी ‘निर्मळदृष्टी’. खरं नाव ठाऊक नाही, तोंड पाहिलेलं नाही, पण रुबाब कलेक्टरचा.

भागवतनं लिहिलं, “साहेब, मी स्वतः त्या ढिगाऱ्यात होतो.”

उत्तर आलं, “आपण प्रकाशित नाही.”

घ्या! माणूस ढिगाऱ्यातून निघाला, पण छापखान्यातून निघाला नाही, म्हणून बाद.

वर्षभर चिठ्ठी तशीच लोंबत राहिली. मग लातूरच्या एका क्लासनं तलाठी भरतीचं गाईड काढलं. लातुरात तेव्हा क्लासच्या बोर्डांमागं घरं शोधावी लागत. गाईडवाल्या सरांना ‘आपला जिल्हा’ हा धडा घाईनं भरायचा होता. त्यांनी ज्ञानकोश उघडला आणि भागवतची ओळ स्वल्पविरामासकट उचलली. भागवतनं तेच गाईड, पान एकाहत्तर, संदर्भ म्हणून जोडलं. निर्मळदृष्टींनी चिठ्ठी काढली, वर शाबासकी दिली, “उत्तम. आता आपण नियम शिकलात.” गडी लई हरखला.

दिवाळीला तो पुनर्वसनाच्या गावी गेला आणि तात्यांना, म्हणजे वडलांना, मोबाईलवर पान दाखवलं. किशनरावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

“पुसून टाक ते,” ते म्हणाले.

“का? छापून आलंय, तात्या!”

“मी त्या दिशी अर्धापूरला होतो, तुझ्या आत्याकडं. जॅक जिलानीचा, गॅरेजवाल्याचा. तुला बी त्यानंच काढलं. मंत्री आले, ‘तूच काढलंस का’ इचारलं, मी मान हलवली. मग न्हाई म्हणायचं राहूनच गेलं.”

“आन् जिलानीचाचा गप्प बसले?”

“त्यो कशाला बोलतोय!”

भागवतला बापाचा संताप आला, त्याहून स्वतःची लाज वाटली. त्यानं तिथंच किशनराव खोडून जिलानी लिहिलं. दहा मिनिटांत परत किशनराव!

“वाक्य ससंदर्भ आहे,” निर्मळदृष्टींनी बजावलं.

“अहो, ते वाक्य माझंच, आणि चुकीचं! किशनराव माझे वडील आहेत, तेच सांगून राहिलेत.”

“वडील? मग हा हितसंबंधांचा प्रश्न आहे.”

बापाची स्तुती केली तेव्हा हितसंबंध घोरत पडले होते. खरं बोलल्याबरोबर ताडकन उठून बसले. तिसऱ्यांदा नाव बदललं, तेव्हा भागवतवर महिनाभराची बंदी आली.

सकाळी तो जिलानीचाचांच्या घरी गेला. त्यानं माफी मागितली. चाचांनी चहा पुढं केला.

“चाचा, तुमचं नाव कुठं छापून आलंय का?”

चाचांनी नीट आठवून पाहिलं. “रेशन कार्डावर हाय की.”

शेजारी त्यांची नात मनतशा सराव परीक्षेचा पेपर सोडवत होती. लातूरला त्याच क्लासला जायची. तिनं पेपर भागवतपुढं धरला. ‘बोरखेडवाडीत नऊ जणांचे प्राण कोणी वाचवले?’ पर्याय चार. जिलानी त्यात नव्हतेच.

“दादा, मला तर म्हाईत हाय कुणी वाचवले ते,” ती आजोबांना म्हणाली. “लिहू काय?”

“मार्क पायजे न, बेटा? किशनराव लिही.”

पोरीची परीक्षा होती. मनतशानं पर्याय ‘ब’चं वर्तुळ कडेबाहेर न जाऊ देता काळं केलं आणि गाईडच्या मागची उत्तरं पाहिली.

“बरोबर आलं का?” चाचांनी विचारलं.

“आलं.”

म्हातारा खूश झाला.