आडनाव काय म्हणालीस?

"आडनाव काय म्हणालीस?"

एवढं विचारून आईने तोंड घट्ट मिटलं होतं. दुधात बुडवलेल्या पावाचा चमचा तिला सांभाळायला येणाऱ्या ताईंनी तसाच हातात धरला होता. त्यांनी आडनाव सांगितलं. आमचंच. लगेच आईने तोंड उघडलं.

"तरीच! आपल्यातली असल्याशिवाय का हात असा हलका असतो!" घास गिळून ती खुशीत म्हणाली.

हे रोज सकाळी व्हायचं. आईला कालचं आज आठवत नसे, माझं नावही अधूनमधून निसटायचं. आडनाव विचारायचं तेवढं मात्र ती विसरली नाही.

ताईंनी पहिल्या दिवशी स्वतःचं खरं आडनाव सांगितलं होतं. त्यावर आईने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते दीड दिवस. पाणीही घेईना. शेवटी मी ताईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"म्हातारं माणूस आहे, ताई. आमचंच आडनाव सांगा ना. एवढ्यानं काय बिघडतंय?"

त्या ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. "तुमचं तर काही नाही ना, दादा?"

"छे! मी जात मानतच नाही."

ते खोटं नव्हतं. मला ती कधी मानावी लागलीच नव्हती. भाड्याचं घर बघायला गेलो, नोकरीच्या मुलाखतीला गेलो, पूर्ण नाव सांगितलं की समोरचा माणूस "बसा ना" म्हणायचा. माझा स्वभावच लाघवी आहे, अशी माझी भाबडी समजूत होती.

त्याच नोकरीत मी अठ्ठावीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसून नावं लिहितोय. एक वेलांटी चुकली तर लोकांना हेलपाटे पडतात, म्हणून मी प्रत्येकाला "सावकाश सांगा" म्हणतो आणि लिहून झालं की कागद फिरवून त्याच्यापुढे धरतो. माझ्या हातून नाव चुकत नाही, असं साहेबसुद्धा म्हणतात.

एकदा आईने पुढची चौकशी केली. "कुणाकडची गं तू? वडील काय करायचे?" ताईंनी बिचाऱ्यांनी एक वडील जुळवले. शिक्षक होते म्हणाल्या, गणित शिकवायचे म्हणाल्या. बाहेर पेपर वाचता वाचता मी पोट धरून हसलो. तेवढ्यात लक्ष गेलं. ताईंची मुलगी घराची किल्ली मागायला आली होती आणि दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी पेपरचं पान उलटलं.

ताई यायला लागल्यापासून दोन वर्षांनी आई गेली. त्यानंतर महिन्याभराने ताई आल्या. रुग्णालयात कायमची जागा निघाली होती. घरी रुग्णसेवा केल्याचं पत्र जोडायचं होतं आणि अर्ज त्याच दिवशी पाचच्या आत द्यायचा होता.

मी मनापासून लिहिलं. कष्टाळू, प्रामाणिक, मायाळू. सही केली आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे धरला.

"दादा, हे कुणाचं नाव?"

मी पाहिलं. त्यांच्या नावापुढे, माझ्या वळणदार अक्षरात, आमचं आडनाव.

"सवयीनं झालं हो," मी हसलो.

त्या हसल्या नाहीत. "त्या दिवशी दारात ऐकलं ना, तेव्हापासून महिनाभर मुलगी माझ्याशी बोलली नाही. माझे वडील गटारं साफ करायचे, दादा. त्यावर मला शिकवलं. तिला माहितीये ते. म्हणाली, आजोबांना पुसून टाकलंस."

मी घाईने दुसरा कागद ओढला. त्यांचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. पहिल्या दिवशी ऐकलेलं काही केल्या आठवेना. दोन वर्षं 'ताई, ताई' करताना ते कधी लागलंच नव्हतं.

"ताई, आडनाव... आडनाव काय म्हणालात?"

त्यांनी आईच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मी लिहिलं, पत्र पुरं करून सही केली, कागद फिरवला. त्यांनी अक्षरांखालून बोट फिरवत ते वाचलं, पत्राची घडी करून ते पर्समध्ये ठेवलं आणि चपला घातल्या.

दोन वर्षं त्या निघताना दारातून "येते हं, दादा" म्हणायच्या.

"जाते," त्या म्हणाल्या.