दोन ठिकाणचा फरक

तेल्हाऱ्याच्या गजेंद्रने भेंडीच्या वावरात ठिबकचा डबा बसवला होता. जमीन कोरडी पडली की डबा आपणहून पाणी सोडायचा, ओली झाली की थांबवायचा. त्यातला प्रोग्राम अकोल्याच्या पंजाबराव सरांनी पॉलिटेक्निकमधून रिटायर झाल्यावर हौसेने लिहिलेला. साठेक वावरांत तो बिनतक्रार चालू होता. या उन्हाळ्यात मात्र गजेंद्रचा डबा थांबायचं नावच घेईना. भेंडीत चिखल झाला. प्रोग्राम कोणी बदलला, की सरांचाच चुकला, अशी कुजबुज सुरू झाली.

सरांनी अमरावतीला रागिणीला फोन केला. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता सॉफ्टवेअर तपासायचंच काम करायची. रविवारी सकाळच्या बसने ती आली.

डब्यात असते ती मशीनला कळणारी फाईल. माणसाने वाचावा असा मूळ कोड सरांकडे. त्या कोडपासून नवी फाईल बनवायची आणि गजेंद्रने डब्यातून काढून पाठवलेल्या फाईलशी ताडून पाहायची. रागिणीने सरांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर ‘अकोला’ नावाचं फोल्डर केलं, त्यात कोड ठेवला, फाईल बनवली. जुळली नाही.

सरांनी चष्मा काढला. “म्हंजे डब्यात भरतानी मीच कुठीतरी चुकलो.”

“थांबा ना सर. फरक कुठी हाये ते तं पाहू द्या.”

फरक दोनच ठिकाणी निघाला. एक, फाईल बनवल्याची तारीख-वेळ. दुसरं, फोल्डरचं नाव. तेही फाईलला चिकटून येतं. तिच्या फाईलमध्ये अकोला होतं. डब्यातल्या फाईलमध्ये, माणिक.

सर खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांची बायको माणिकबाई चहा घेऊन दारातच उभी होती.

“काकू, तुमचं नाव साठ वावरांत पोचलं,” रागिणी म्हणाली.

“माहं? कावून?”

“तवा दुसरं काई सुचलं नाई,” सर पुटपुटले.

“चाळीस वर्सांत एक डाव नावानं हाक मारली नाई या मानसानं,” माणिकबाई रागिणीला म्हणाल्या आणि पदर तोंडाशी नेऊन आत गेल्या. चहा हातातच राहिला.

रागिणीने फोल्डरचं नाव माणिक केलं, डब्यातल्या फाईलचीच तारीख-वेळ घातली आणि फाईल पुन्हा बनवली. अक्षरन् अक्षर जुळलं. सरांनी चष्मा लावून स्वतः दोनदा पाहिलं.

“गजेंद्रभाऊ, प्रोग्राम सरचाच हाये, काईच बदलला नाई,” तिने फोनवर सांगितलं. “ओल मोजायची दांडी पाहा बरं जमिनीतली.”

तासाभराने त्याचा फोन आला. आवाज खाली गेलेला. “तण काढतानी डवऱ्याले आडवी येते म्हनून मीच बांधाकडे सरकवली होती. तिथं ठिबकचं पानी पोचतच नाई. काळ्या मातीले भेगा पडल्या, अन् दांडी भेगेत लोंबकळून राहिली. सरले म्हना, माफ करा.”

सरांनी फोन घेतला. “माफी काय मांगतं गा. भेंडीच्या तासात गाड, ओळीतल्या दोन झाडांच्या मधात.”

माणिकबाईंनी रागिणीला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सरांच्या भातावर तूप वाढताना त्यांचा हात जरा सैल सुटला. सरांनी, डॉक्टरांनी तूप बंद केलेलं असूनही, पुरे म्हटलं नाही.