रेडिएटरातला भंडारा

दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार. बारामती-भिगवण रस्त्यावरच्या बंद पडलेल्या वजनकाट्यासमोर तीसेक गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या, दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून बसावं तशा. कुणाचं रेडिएटर गळत होतं, कुणाचं इंजिन तापत होतं. आणि सगळ्यांना बरं करणारा धन्वंतरी पत्र्याच्या शेडमध्ये वाघाचं चित्र छापलेल्या ब्लँकेटवर बसला होता. हिमनाथ महाराज! हिमालयात बारा वर्षं तप केलं, असं फ्लेक्सवर लिहिलं होतं. म्हणजे खरंच असणार. आपल्या तालुक्यात फ्लेक्सवर खोटं लिहायची पद्धतच नाही.

"गाडीला बी जीव आसतोय, बाळांनो!" महाराज माइकवर गरजले. "ते हिरवं कूलंट म्हंजे गाडीचं पित्त! पित्त खवळलं की काटा चढतो. कंपनी पित्त भरती, आमी शांती भरतो!"

एक पिकअप वाफा सोडत पुढं आली. महाराजांनी ओलं पोतं टाकून झाकण उघडलं, मूठभर भंडारा आत सोडला, वरून बोअरचं पाणी ओतलं. शिष्यानं इंजिनाला कुंकू लावलं. पाच मिनिटांत खालची गळती बंद, आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा एकदम तळाला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" गर्दी ओरडली. गर्दीत एक बँकेचा मॅनेजर आणि दोन इंजिनिअर होते. तेही ओरडले. जरा शुद्ध उच्चारात, एवढाच फरक.

संजीवनी तेवढी रांगेत स्टीअरिंगवर हात ठेवून बसली होती. शेळगावची चौदा पोरं इंदापूरच्या शाळेत ने-आण करणारी जीप तिची, आणि चालवायचीही तीच. पंधरा दिवस ती जीप गळत होती. बारामतीत एक गॅरेजवाला म्हणाला, रेडिएटर बदला. दुसरा न बघताच म्हणाला, इंजिन उघडावं लागेल. तिसऱ्यानं फोनच उचलला नाही. गाडीवाल्याला असं चहूकडून भाजलं की तो थंडावा शोधत बुवाकडं जातो. तिचा नवरा रविराज तसाच तिला घेऊन आला होता.

"महाराजांनी बरी केली तर उद्या शाळंला गाडी काढायची. बोललीस तू," रविराज म्हणाला.

"बरी झाली तर काढीन. पण उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मधी ही बंद पडली, तर माझ्या चौदा पोरांना तुमचे महाराज धक्का मारायला येणार हायत का?"

"हळू बोल की! लोक ऐकतायत."

शेजारच्या गाडीचे मालक सर्जेराव तात्या वळून हसले. मेंढरं विकून मुलानं त्यांना ही कार घेऊन दिलेली.

"पोरी, माजी तिसरी खेप हाय. पयल्या खेपंला आठ दिवस झ्याक चालली, मग इंजिनाचं हेडच गेलं. नवं टाकलं, पुन्हा महाराजांकडनं भंडारा घातला, तर आता परत तापतीया. महाराज म्हनले, तात्या, श्रद्धा पातळ झाली."

"तात्या, श्रद्धा पातळ न्हाय, आतलं पाणी घट्ट झालं आसंल."

तात्यांना काही कळलं नाही. पण त्यांचा चेहरा जरासा पडला.

संजीवनीचा नंबर आला. तीच ओरड, तीच मूठ, तेच कुंकू. शिष्य बॉनेटमध्ये वाकला आणि डॅशबोर्डवरचा काटा भोवळ आल्यासारखा खाली कोसळला.

"पडला! काटा पडला!" रविराज टाळ्या पिटू लागला.

संजीवनी मात्र विचारात पडली. तापलेला चहासुद्धा हळूहळू निवतो, आणि एवढं लोखंड डोळ्याची पापणी लवते तोवर गार? ती उतरून बॉनेटपाशी गेली. इंजिनावर कुंकवाचा एक टिळा होता. आणि काट्याकडं जाणारी एक तार सुटून लोंबत होती, तिच्या टोकावर कुंकवानं माखलेल्या दोन बोटांचे ठसे!

"महाराज, तारंला बी हळदीकुंकू केलं व्हय?" तिनं तार जागेवर खोचली. "अहो, काटा बघा आता."

रविराजनं आत डोकावलं. काटा उठला आणि सरळ लाल पट्ट्यात जाऊन बसला.

"चढला," तो पुटपुटला.

"माय, तू नास्तिक हायस!" महाराज कडाडले. "तार हलली आसंल. पण गळती कुनी थांबवली? तुज्या कूलंटानं?"

या प्रश्नावर गर्दी पुन्हा महाराजांकडं सरकली. संजीवनी समोरच्या चहाच्या टपरीवर गेली. तेलाचा रिकामा डबा घेतला, बुडाला सुईनं भोक पाडलं, आत उकळतं पाणी ओतलं. बारीक धार लागली. मग टपरीवाल्याच्या फळीवरचं हळदीचं पाकीट फोडून तिनं अर्धं आत ओतलं आणि पळीनं ढवळत मंत्र म्हणू लागली.

"बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा..."

बे दाहे वीस होईपर्यंत धारेचे थेंब झाले, मग थेंबही थांबले.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"भंडारा म्हंजे हळद," ती म्हणाली. "हळद गरम पाण्यात फुगती आन् भोकात जाऊन बसती. जुने ट्रक डायव्हर अडचणीत गॅरेजपातूर पोचायला हेच करायचे. पण हळदीला काय कळतंय, हे भोक फुटकं आन् ही नळी चांगली? ती नळ्यांत बी बसती. पाणी फिरायचं थांबतं, इंजिन शिजतं. तात्या, तुमची गाडी सकाळधरनं बंद हाय, गार हाय. उघडा झाकण."

तात्यांनी झाकण उघडून आत बोट घातलं. बाहेर आलं ते पिवळंजर्द, चिकट.

"आयला! हे तर पिठलं झालंय!"

आता हसणं थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. तात्या मात्र हसले नाहीत. ते बोट पुढं धरून महाराजांसमोर उभे राहिले.

"माज्या आज्ज्यानं खांद्यावर पालखी वाह्यली देवाची. भंडारा कपाळाला लावायचा आसतो रं, रेडिएटरला न्हाय! माज्या देवाचं नाव घिऊन माजं इंजिन खाल्लंस तू?"

"तात्या, श्रद्धा..."

"आता श्रद्धेचं नाव काढलंस तर हे पिठलं तुज्या तोंडात घालीन."

तेवढ्यात शेडमागं उभ्या महाराजांच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट बँक मॅनेजरनं उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही तपासून पाहिलं असेल. आत हळदीचा कण नव्हता. कूलंटची टाकी हिरव्यागार पित्तानं काठोकाठ भरलेली होती. महाराज आणि शिष्य त्याच गाडीत बसून सुसाट निघाले. पळताना ती जराही तापली नाही. तापायचं कारणच नव्हतं.

रविराज खाली मान घालून उभा होता.

"काय करायचं आता?" त्यानं विचारलं.

"ओढत न्यायची. रेडिएटर बदलायचं, आतली घाण धुवायची, कंपनी सांगती तेच कूलंट भरायचं. आन् जुना भाग हातात दिल्याबिगर गॅरेजवाल्याचं बी ऐकायचं न्हाय." तिनं फोन काढला. "हॅलो, श्रेयाच्या आई? उद्या गाडी यायची न्हाय. पोरांना एसटीनं पाठवा. व्हय, चार दिवस तरी."

लोकांनो, काटा लाल झाला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, निवू द्या. तापल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर गाडी पोसू नका. बुवा असो की गॅरेजवाला, गाडी बरी केली म्हणाला तर कशी केली ते विचारा, आणि त्याला उत्तर देता आलं नाही तर चावी त्याच्या हातात देऊ नका. चावी तुमची आहे, गाडी तुमची आहे, आणि मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली पोरंही तुमचीच आहेत.